दुसरी प्रत

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीतला सगळ्यात भीतिदायक प्रसंग कोणता, असे विचारले तर बहुतेक वाचक उंदरांच्या पिंजऱ्याचे नाव घेतील. मला तो मान फाटक्या अर्ध्या पानाला द्यावासा वाटतो. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सत्तेच्या आजच्या सोयीप्रमाणे दुरुस्त करणे हे त्याचे काम. दुरुस्त झालेला अंक पुन्हा छापून संग्रहात ठेवला जातो आणि मूळ अंक भिंतीतल्या फटीतून थेट भट्टीत जातो. एकदा कामाच्या कागदांत ‘टाइम्स’च्या जुन्या अंकाचे अर्धे पान त्याच्या हाती लागते. त्यावर पक्षाच्या तीन जुन्या नेत्यांचा न्यूयॉर्कमधल्या समारंभातला फोटो असतो आणि तारीखही असते. नेमक्या त्याच तारखेला आपण शत्रूच्या मुलखात जाऊन फितुरी केली, अशी कबुली त्या तिघांनी न्यायालयात दिलेली असते. म्हणजे कबुली खोटी, खटला खोटा आणि शिक्षाही खोटी. विन्स्टन तो कागद जेमतेम दहा मिनिटे जवळ बाळगतो आणि भीतीने भट्टीत टाकतो. पुढे छळघरात सत्ताधारी पक्षाचा वरिष्ठ अधिकारी ओब्रायन त्याच फोटोची दुसरी प्रत त्याच्यासमोर धरतो आणि तीही जाळून टाकतो. फौजा, पोलीस आणि घराघरांत पाळतीचे पडदे असलेल्या राजवटीला एका जुन्या छापील कागदाची दुसरी प्रत शिल्लक राहिलेली चालत नाही. जून 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची चर्चा होते ती बहुधा पाळतीच्या अंगाने. तिचा गाभा मात्र मला या प्रतींच्या हिशेबात दिसतो. छापील पुस्तकाचे मोलही त्याच हिशेबात आहे. कोऱ्या पानांचा वास, हातातले वजन, कपाटाची शोभा या गोष्टी मलाही आवडतात, पण त्यांच्या आधाराने पुस्तकाची बाजू लढवली तर ती हळवेपणाची ठरते. खरी बाजू अशी आहे की, एकदा छापून हजार घरांत पोचलेला मजकूर कोणालाही एका जागी बसून बदलता येत नाही.

मोबाइलवर किंवा किंडलवर घेतलेल्या पुस्तकाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा योगायोगाने ऑर्वेलच्याच पुस्तकाने दिला. जुलै 2009 मध्ये अमेरिकेतल्या किंडलधारकांच्या यंत्रांतून ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकत घेतलेल्या प्रती अचानक नाहीशा झाल्या. ज्या कंपनीने त्या विक्रीला ठेवल्या होत्या तिच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने त्या दुरूनच पुसल्या आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर काढलेली टिपणे त्या पुसापुशीत निरुपयोगी झाली. त्याने खटला भरला आणि दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. हक्काचा प्रश्न खरा होता, हेतूत दुष्टपणा नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु कागदी पुस्तकाच्या बाबतीत अशी चूक झाली असती तर दुकानदाराने पुढची विक्री थांबवली असती. रात्री ग्राहकाच्या घरात शिरून फळीवरचे पुस्तक त्याला उचलून नेता आले नसते. त्यानंतरचा प्रवासही त्याच दिशेचा आहे. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे मिळाले, पुस्तके गेली. 2023 मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालकादंबऱ्यांतले अनेक शब्द प्रकाशकांनी बदलले, आणि जुनी ई-प्रत घेतलेल्या काही वाचकांच्या यंत्रांतला मजकूरही आपोआप नवा झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये किंडलवरचे पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोय बंद झाली. कॅलिफोर्नियात तर आता कायद्यानेच विक्रेत्याला सांगावे लागते की ग्राहक पुस्तकाचा मालक होत नसून केवळ परवाना घेत आहे. आपल्याकडे 2016 च्या अखेरीपासून मराठी पुस्तके किंडलवर मिळू लागली. ती घेताना आपण नेमके काय विकत घेतो, याचा विचार फारसा होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, छापील पुस्तकांतही काटछाट होते. होतेच. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट 451’ (1953) या कादंबरीत पुस्तके जाळणे हेच अग्निशामक दलाचे काम असते. ग्रंथदहनाविरुद्ध लिहिलेल्या याच कादंबरीची शाळांसाठीची आवृत्ती 1967 मध्ये तिच्या प्रकाशकाने काढली, तीत न आवडणारे शब्द आणि काही प्रसंग लेखकाला न विचारता बदलले, आणि पुढे काही वर्षे तीच आवृत्ती बाजारात राहिली. ब्रॅडबरींना याचा पत्ता 1979 च्या सुमारास लागला, मग मूळ मजकूर पुन्हा छापला गेला. पण हा पत्ता लागला कसा? जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रती लोकांच्या हातात होत्या म्हणून. एका घरात 1953 ची प्रत, दुसऱ्या घरात शाळेची. दोन्ही शेजारी ठेवल्या की लबाडी उघडी पडते. सगळ्यांच्या प्रती एकाच रात्रीत सारख्या बदलल्या असत्या तर बदल झाला हेसुद्धा कोणाला कळले नसते. छपाई माणसाला प्रामाणिक बनवत नाही. ती अप्रामाणिकपणाचा माग मागे ठेवते, आणि माझ्या मते तेवढेच पुरेसे आहे.

अनेक प्रतींचे हे मोल आमच्या मराठवाड्याला नव्याने शिकवण्याचे कारण नाही. छापखाना येण्याच्या कितीतरी आधी या मुलखाने प्रती हरवण्याचे आणि बिघडण्याचे दुःख भोगले आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात अनुयायांना विचारून विचारून गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. महानुभाव परंपरा सांगते की खलजींच्या धाडीत मूळ पोथी गेली आणि मग हिराइसेसारख्या अनुयायांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. म्हणूनच त्याचे एकाहून अधिक पाठ आज आढळतात. ब्रॅडबरीच्या कादंबरीच्या शेवटी जंगलात राहणारी माणसे एकेक ग्रंथ तोंडपाठ करून जिवंत ठेवतात, ती कल्पना अमेरिकी वाचकाला अद्भुत वाटली असेल. आमच्याकडे, माहूरला देवस्थान मानणाऱ्या पंथात, ते प्रत्यक्ष घडून गेले आहे. ‘ज्ञानेश्वरी’ची गोष्ट निराळी. तिच्या हातांनी उतरवलेल्या प्रती भरपूर होत्या, पण प्रत्येक नकलकाराने आपापली भर घातलेली. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्या प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला आणि यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. एकनाथांना हे काम करता आले कारण ताडून पाहायला एकाहून जास्त प्रती होत्या. मध्यवर्ती एकच पोथी असती आणि तीच बिघडली असती, तर नाथांच्याही हाती काही लागले नसते.

निजामी राजवटीत हाच प्रश्न राजकीय रूपात समोर आला. नांदेड जिल्ह्यातले आमचे हदगाव तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे इंग्रजी अमलातले वऱ्हाड. इंग्रजी अंमलही काही स्वातंत्र्याचा नव्हता, तिथेही पुस्तके आणि वृत्तपत्रे जप्त होत. पण संस्थानात साध्या जाहीर सभेलाही आधी परवानगी लागे. ती सक्ती करणाऱ्या ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाचे नाव त्या काळातल्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी छापील अक्षराकडे संशयाने पाहिले जाई. अशा दिवसांत आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये संस्थानाबाहेरून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघे, त्या नावावर बंदी आली की आणखी नवे नाव. पुढे अनंत भालेराव यांनी ज्या पत्राला मराठवाड्याचा आवाज बनवले ते हेच. आणीबाणीत त्याच भालेरावांना तुरुंगात जावे लागले. बंदी आणि बदललेले नाव यांचा हा खेळ शक्य झाला तो अंक कागदाचा होता म्हणून. एकदा छापून हद्दीत शिरलेला अंक खिशातून खिशात जातो, घडी करून लपवता येतो, वाचून दुसऱ्याला देता येतो, आणि तो कोणी कोणाला दिला याची नोंद कुठे राहत नाही. आज एखादी बातमी वा पुस्तक एका प्रदेशापुरते दिसेनासे करायला नाक्यावर झडती घ्यावी लागत नाही. कंपनीला गेलेला एक आदेश पुरतो.

आणि अगदी कालची गोष्ट घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतली खासरा पत्रके, शाळांची प्रवेश रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी किंमत आली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने तर हैदराबाद गॅझेटियर हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी गेला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काय असावे हा या लेखाचा विषय नाही. लक्षात घ्यायची ती गोष्ट वेगळी: मागणी करणारे असोत वा विरोध करणारे, दोन्ही बाजूंनी आपल्या म्हणण्याच्या साक्षीला जुना कागदच बोलावला. ज्या कारकुनाने निजामाच्या काळात बोरूने ती नोंद केली त्याला आजच्या वादाची कल्पनाही नव्हती, म्हणून तर तिला वजन आहे. छापील ग्रंथालाही हेच वजन असते. 1962 साली छापलेले पुस्तक 1962 सालीच छापले गेले; त्यावर मुद्रकाचे नाव आहे, गाव आहे, किंमत आहे. आता यंत्र क्षणात कोणाच्याही शैलीत, कोणत्याही काळातला वाटेल असा मजकूर तयार करून देते. अशा वेळी ज्याचा जन्म कधी झाला हे सांगता येते असा मजकूर पूर्वी कधी नव्हता इतका मोलाचा झाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबीचा आहे. हदगावातून नांदेडला जाऊन तीनशे-चारशे रुपयांची कादंबरी विकत घेणे किती जणांना परवडते? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा मोबाइलवरच वाचतो, कारण त्याच्याकडे तेवढेच साधन आहे. दृष्टिहीन वाचकाला आवाजी पुस्तकाने जे दिले ते छापील पुस्तक कधीच देऊ शकले नसते. ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक आज कुठल्याही खेड्यातल्या पोराला फुकट उघडता येतात, ते पडद्यामुळेच. हे सगळे खरे आहे आणि त्यातले काहीही कमी व्हावे असे मला वाटत नाही. कागदावर वाचलेले अधिक समजते, असा दावाही मी सरसकट करणार नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 54 संशोधनांचा आणि पावणेदोन लाखांच्या घरातल्या वाचकांचा एकत्र विचार केला गेला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक नीट समजतो, विशेषतः वेळ मोजका असेल तेव्हा, असे त्यात दिसले. निव्वळ कथात्मक मजकुरात मात्र फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी पडद्यावर वाचली म्हणून ती कमी कळते असे नाही. पण या आक्षेपाचे उत्तर कागद सोडण्यात नाही, वाचनालय सांभाळण्यात आहे. गरीब वाचकासाठी छापील पुस्तक स्वस्त करण्याची युक्ती महाराष्ट्राने 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने कधीच केली आहे: एक प्रत, शंभर वाचक. मोबाइलवरचे पुस्तक दुसऱ्याला देता येत नाही, वाचून झाल्यावर अर्ध्या किमतीत विकता येत नाही आणि मुलांसाठी मागे ठेवता येईल याची खात्री नाही. गरिबाला एखादी वस्तू परवडते की नाही हे पाहताना तिच्या पहिल्या किमतीबरोबर हेही जमेस धरले पाहिजे.

यातून एक बारकावा निघतो, तोही सांगितला पाहिजे. कोणी म्हणेल, हजार संगणकांवर साठवलेली, कुलूप नसलेली फाइल आणि हजार घरांतले पुस्तक यांत फरक काय? तत्त्वतः काहीच नाही, उलट फाइलची नक्कल करणे कितीतरी सोपे. माझे भांडण विजेशी नाही. फाइल खरोखर वाचकाची असेल, तिच्या नकला अनेकांकडे असतील, तर तिचे स्वागत केले पाहिजे. मात्र सामान्य वाचकाचे व्यवहारातले डिजिटल वाचन असे नसते. ते कुणाच्या तरी मोठ्या गोदामात खिडकीतून डोकावण्यासारखे असते. खिडकीचा मालक चांगला असला तरी ती बंद होऊ शकते: अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्ह या नावाजलेल्या डिजिटल ग्रंथालयाला प्रकाशकांविरुद्धच्या खटल्यात हार पत्करावी लागली आणि पाच लाखांहून अधिक पुस्तके वाचकांना देणे बंद करावे लागले. शिवाय कोण काय वाचतो, कुठे थांबतो, कोणत्या ओळीखाली रेघ मारतो, याची नोंद तिथे होत राहते. नंदा खरे यांनी ‘उद्या’ या कादंबरीत कंपन्यांच्या मुठीतले आणि पाळतीने वेढलेले जवळचे भविष्य मराठीत उभे केले. 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खरे यांनी तो घेतला नाही. अशी कादंबरी वाचताना आपण कोणते पान पुन्हा वाचले हे कोणालाही कळू नये, इतपत मोकळीक वाचकाला हवी. वाचनालयातून आणलेले पुस्तक ती देते.

‘नाइन्टीन एटी-फोर’ नीट वाचलेला वाचक मात्र मला आणखी एका जागी अडवील. त्या कादंबरीत छापील पुस्तकही आहे: राजवटीचा शत्रू मानल्या गेलेल्या गोल्डस्टाइनचा बंदी असलेला ग्रंथ, जो विन्स्टन चोरून वाचतो. पुढे कळते की तो ग्रंथ लिहिण्यात ओब्रायनचाच हात होता, म्हणजे पुस्तक हाच सापळा होता. विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया जिथे काम करते त्या विभागात यंत्रे कादंबऱ्यांचे कथानक जुळवून छापून काढतात. तेव्हा छापील ते खरे, असे ऑर्वेल कुठेच म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. द्वेष पसरवणारी, इतिहास वाकवणारी पुस्तके मराठीतही सुबक छापली जातात. पण गोल्डस्टाइनच्या ग्रंथाने विन्स्टनला फसवले ते त्याच्याकडे ताडून पाहायला दुसरे काहीच उरले नव्हते म्हणून. जुने अंक भट्टीत गेलेले, जुनी माणसे गप्प केलेली, एकच ग्रंथ समोर. एका पुस्तकावर विश्वास ठेवा असे मला सांगायचे नाही. कपाटात अनेक पुस्तके असू द्या, परस्परांना खोडून काढणारी, निरनिराळ्या काळात निरनिराळ्या माणसांनी छापलेली. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी आयुष्यभर हेच केले: ज्या विचाराशी मतभेद त्याचे मूळ ग्रंथ वाचून त्याच्याशी वाद घातला. त्यासाठी ते ग्रंथ जसेच्या तसे हाताशी लागतात.

म्हणून माझी काळजी पुस्तकांच्या दुकानांपेक्षा तालुक्याच्या गावातल्या वाचनालयांच्या मागच्या खोलीबद्दल अधिक आहे. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत. त्यातली बरीचशी लहान, अनुदानावर कशीबशी चालणारी. त्यांच्या जुन्या पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहा. वर गोल शिक्का, खाली शाईने दाखल क्रमांक आणि तारीख. आत एखाद्या ठरलेल्या पानावर पुन्हा तोच शिक्का, पहिले पान कोणी फाडले तरी पुस्तक ओळखू यावे म्हणून. शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांची रांग. ज्या पुस्तकाची शेवटची तारीख फार जुनी आणि पाने पिवळी, त्याचे निर्लेखन होते आणि ते रद्दीत जाते. जागा कमी आहे, कसर आणि वाळवी आहे, नवी पुस्तके घ्यायची आहेत, ग्रंथपालाचे मानधन तुटपुंजे आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कागद नश्वर आहे हेही खोटे नाही. 2005 आणि पुन्हा 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके भिजली, ते महाराष्ट्राने पाहिले. पण त्याचमुळे एका गावातली प्रत गेली तर दुसऱ्या गावात ती असली पाहिजे, आणि ती आहे की नाही हे आज कोणी पाहत नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत जमा व्हायच्या असतात. त्या सगळ्या जातात असे गृहीत धरले तरी हदगावच्या वाचकाला मुंबईच्या टाउन हॉलमधली प्रत काय उपयोगाची? शिवाय त्या कायद्याच्या आधीचे, हैदराबाद संस्थानाच्या काळातले मराठी छापील साहित्य तर त्याच्या कक्षेतच येत नाही.

इथे करता येण्यासारखी गोष्ट अवघड नाही. निर्लेखनाच्या यादीत निघालेले पुस्तक रद्दीत देण्याआधी जिल्ह्यातल्या इतर ग्रंथालयांत त्याची प्रत आहे का, एवढे पाहण्याची अट ग्रंथालय संचालनालयाने घालावी. नसेल तर ती शेवटची प्रत नांदेडच्या जिल्हा ग्रंथालयात किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पाठवावी. तिथे तिचे स्कॅनिंग जरूर व्हावे, ती फाइल सगळ्यांना खुली करावी आणि मूळ प्रतही जपून ठेवावी. फाइल तयार झाली म्हणून मूळ पुस्तक टाकून देण्याची घाई मात्र नको. सुरुवात 1948 पूर्वीच्या, म्हणजे संस्थानाच्या काळातल्या, छापील पुस्तकांपासून आणि नियतकालिकांच्या सुट्या अंकांपासून करावी, कारण ती सर्वात आधी रद्दीत जातात. हदगाव, माहूर, किनवट, हिमायतनगर या तालुक्यांतल्या वाचनालयांनी आपापल्या दाखल रजिस्टरातून 1948 पूर्वीच्या पुस्तकांची एक यादी केली, तरी किती दुसऱ्या प्रती उरल्या आहेत ते आपल्याला कळेल.